हिरडी लाल होत नाही तेव्हा

दात जबड्याच्या हाडात थेट रोवलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतू असतात. ते एकीकडे मुळाला आणि दुसरीकडे हाडाला धरून ठेवतात, आणि वरून हिरडी दाताच्या मानेला घट्ट वेढून हा सगळा सांधा झाकते. निरोगी तोंडातही हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटर खोलीची फट असते. हिरडीचा आजार सुरू होतो तो या फटीत. दातांवर रोज साचणारा जंतूंचा चिकट थर तिथे राहिला, की हिरडी लालसर होते, फुगते, ब्रश लागताच रक्त येते. इथवरचा आजार परत फिरतो; थर निघाला की हिरडी काही दिवसांत पूर्ववत होते. थर तसाच राहिला तर लाळेतले क्षार बसून त्याचे कडक कीटण होते, फट खोल होत जाते, तंतू तुटतात आणि हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. दुखत मात्र फारसे नाही. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी लोकांच्या तोंडात हा आजार वर्षानुवर्षे मुकाट नांदत असतो, आणि उसाचे कांडे सोलताना दात हलला तेव्हा त्याचा पत्ता लागतो.

कॅन्सरचे निदान झाल्यावर माणूस हेच तोंड घेऊन रुग्णालयात येतो. रक्त तपासले जाते, स्कॅन होतो, हृदयाची टूडी-एको होते. स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरसाठी आलेल्या रुग्णाच्या हिरड्यांकडे पाहण्याचे कुणाला सहसा सुचत नाही, आणि रुग्णालाही दातांचे गाऱ्हाणे त्या गडबडीत क्षुल्लक वाटते. पुढे तीन-चार आठवड्यांनी तेच गाऱ्हाणे तापाच्या रूपाने परत येते.

फटीतला पहारा

दात आणि हिरडी यांच्यामधल्या त्या फटीत जंतू कधीच पूर्ण संपत नाहीत. तरी बहुतेकांच्या हिरड्या टिकून राहतात, कारण रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी हिरडीच्या केशवाहिन्यांतून सतत बाहेर पडून त्या फटीत येत असतात आणि जंतूंना थोपवून धरतात. या पेशी अल्पायुषी असतात. अस्थिमज्जेने रोज नव्या तयार करून पाठवल्या तरच पहारा चालू राहतो.

हा पहारा किती मोलाचा आहे, ते एका दुर्मीळ जन्मजात आजारातून कळते. त्यात साधारण दर एकवीस दिवसांनी रक्तातले न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीसे होतात आणि काही दिवसांनी परत येतात. अशा मुलांना ठरावीक अंतराने ताप येतो, तोंड येते, हिरड्या सुजतात, आणि उपचार न झाल्यास कोवळ्या वयातच दातांभोवतीचे हाड झिजते. केमोथेरपीच्या अनेक योजनांमध्येही दोन सायकलींमध्ये तीन आठवड्यांचेच अंतर असते. त्या मुलांच्या शरीरात निसर्ग जे करतो, ते केमोच्या रुग्णात औषध करते.

केमोची जुनी औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण अस्थिमज्जेतल्या आणि तोंडाच्या अस्तरातल्या पेशीही तशाच असतात. तोंडाचे अस्तर साधारण एक ते दोन आठवड्यांत नवे होत असते. औषधाने ही नवी पैदास थांबली, की जुने अस्तर झिजते आणि त्याखाली नवे तयार नसते. सलाईनमधून औषध गेल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास गालाच्या आतून, जिभेच्या कडेला, ओठाच्या आत सोलवटल्यासारखे होते. लोक म्हणतात, तोंड आले. साध्या केमोत हे काही जणांनाच होते. अस्थिमज्जा रोपणाआधी दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रांच्या केमोत बहुतेकांना होते. न्यूट्रोफिलही साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत तळाला जातात. म्हणजे अस्तराला भोके पडण्याची वेळ आणि पहारा उठण्याची वेळ जवळजवळ एकच. त्यातच प्लेटलेट घटतात, लाळ घट्ट होते, आणि जेवण नकोसे झाल्याने चावणेच थांबते. चावताना दातांची जी काही सफाई होते, तीही मग होत नाही.

लाली, सूज आणि पू

हिरडी आजारी आहे हे एरवी डोळ्यांना दिसते. पण ती लाली, ती सूज, दाबल्यावर येणारा पू हे सगळे जंतूंचे काम नसते. जंतूंशी लढायला रक्त धावून येते म्हणून लाली येते, आणि पू हा मुख्यतः लढून मेलेल्या न्यूट्रोफिलांचाच असतो. पेशीच नसतील तर पू कसला होणार? केमोच्या दुसऱ्या आठवड्यात, पेशी तळाला गेलेल्या असताना, सहा-सात मिलिमीटर खोल फटीत जंतू माजलेले असूनही हिरडी फिकट आणि शांत दिसू शकते. घरात चोर शिरावा आणि राखणीचा कुत्रा भुंकूच नये, तसे हे आहे. कित्येकदा एकाच दाताशी ठणका आणि अंगात ताप, एवढ्या दोनच खुणा हाती असतात.

केमोच्या काळातल्या हिरड्यांविषयी एकच गोष्ट ध्यानात ठेवायची तर ती ही: तेव्हा दिसणाऱ्या हिरडीवर विश्वास ठेवता येत नाही. या काळात ताप १००.४ फॅरनहाइटवर तासभर टिकला किंवा एकदाच १०१ च्या पुढे गेला, तर घरी क्रोसिन घेऊन वाट पाहायची नसते. रुग्णालय गाठायचे असते. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत. पेशी कमी असलेल्या रुग्णांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये सापडणाऱ्या जंतूंत तोंडात वस्ती करणारे स्ट्रेप्टोकॉकस वारंवार असतात, विशेषतः रक्ताच्या कॅन्सरसाठी सायटॅराबिनच्या मोठ्या मात्रा दिल्यानंतर. रात्री दोनला ताप घेऊन आलेल्या रुग्णाची छाती तपासली जाते, लघवी पाहिली जाते, हाताला किंवा छातीला बसवलेली नळी पाहिली जाते. टॉर्च लावून अक्कलदाढेच्या मागे पाहणारा निवासी डॉक्टर भेटला तर रुग्णाचे नशीब चांगले. अर्धवट वर आलेल्या खालच्या अक्कलदाढेवर हिरडीची एक झडप असते; तिच्याखाली अन्न आणि जंतू साचतात, आणि पेशी पडल्या की भडका तिथेच उडण्याची शक्यता मोठी.

पहिल्या सायकलीआधी

म्हणून हिरड्यांचे काम केमो सुरू होण्याआधीच करायचे असते. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात दंतविभाग त्याच छताखाली असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी डे-केअर केंद्रात केमो घेणाऱ्याला मात्र चिठ्ठी घेऊन बाहेरचा दंतवैद्य गाठावा लागतो, आणि ती चिठ्ठी कुणी आपणहून देईलच असे नाही. ती मागून घ्यावी.

या तपासणीचे मुख्य हत्यार म्हणजे टोकाला बोथट, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई. दंतवैद्य ती प्रत्येक दाताभोवती सहा जागी हलक्या हाताने फटीत उतरवतो आणि आकडे सांगत जातो. सहायक ते तक्त्यावर मांडतो. दोन, तीन, दोन, तीन, सहा. सहा ऐकताच हात तिथे थांबतो. सळई बाहेर येताना रक्त आले का, दात बोटांनी हलतो का, दोन मुळांच्या बेचक्यात सळई शिरते का, हे पाहिले जाते. मग एक्स-रे. सगळे मिळून अर्ध्या-पाऊण तासाचे काम, आणि त्यातून पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज येतो.

नंतरचा हिशेब वेळेचा असतो. दात काढला तर केमोआधी किमान सात ते दहा दिवस जखम भरायला मिळायला हवेत. कॅन्सरचा डॉक्टर त्यापेक्षा जास्त थांबायला राजी नसतो, आणि ते बरोबरच आहे. रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर तेवढेही दिवस नसतात. उपचार उद्या नाही तर परवा सुरू करायचे असतात. त्यामुळे कोणते काम आत्ता, कोणते दोन सायकलींच्या मध्ये आणि कोणते उपचार संपल्यावर, अशी वाटणी करावी लागते. कीटण काढणे, म्हणजे स्केलिंग, जवळजवळ सर्वांचे करून घ्यावे. पू येणारा, हलणारा, वाचण्याजोगा नसलेला दात काढावा. धारदार कड असलेला तुटका दात घासून गुळगुळीत करावा, घासणारी कवळी नीट करून घ्यावी. लहान मुलांचे पडायला आलेले दुधाचे दात आणि मोठ्या मुलांच्या दातांवरच्या तारा काढून टाकलेल्या बऱ्या. उलट, वर्षानुवर्षे शांत असलेला, थोडी हिरडी उतरलेला दात ‘उगाच धोका नको’ म्हणून उपटण्यात शहाणपण नाही. घाईने केलेली न भरलेली जखम हाच मग मोठा धोका ठरतो.

दात साफ करून घेतले की हलायला लागतात, ही समजूत इथे आडवी येते. वास्तविक दात आधीच हाड सोडून बसलेला असतो आणि कीटणाच्या आधाराने अडकून असतो. ते निघाले की त्याचे हलणे कळते एवढेच. केमोआधी स्केलिंग सुचवल्यावर रुग्णाचे नातेवाईक हमखास हे बोलून दाखवतात. दंतवैद्याने पाच मिनिटे खर्चून समजावले तर गाडी पुढे सरकते.

पेशी खाली गेल्यावर

केमो सुरू झाल्यावर दातांचे कोणतेही काम ठरते ते आदल्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टवर. न्यूट्रोफिल एक हजाराच्या वर आणि प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर असतील तर काम करता येते, तेही शक्यतो पुढच्या सायकलीच्या अलीकडच्या दिवसांत, पेशी सावरलेल्या असताना. खाली असतील तर काम पुढे ढकलतात, आणि ढकलण्याजोगे नसेल तर रुग्णालयात, अँटिबायोटिक आणि गरजेप्रमाणे प्लेटलेट चढवून करतात. शेजारच्या दवाखान्यात रिपोर्ट न दाखवता ‘जरा हिरडी साफ करून’ घेणे हा या काळातला मोठा अविचार.

प्लेटलेट वीस हजारांच्या खाली गेल्या की काही न लागताही हिरडीतून रक्त झिरपू शकते. सकाळी उशीवर डाग दिसतो, तोंडात लोखंडी चव असते. घाबरून रुग्ण ब्रश सोडतो, घरचेही म्हणतात नको घासू आता. दोन दिवसांत थर साचतो, हिरडी आणखी फुगते आणि रक्त वाढते. झिरपणारे रक्त थांबवायला निर्जंतुक गॉज पाण्यात भिजवून हिरडीवर दाबून धरतात, किंवा डॉक्टर ट्रानेक्सॅमिक ॲसिड त्या जागी लावायला सांगतात. रक्त फार येत असेल तर प्लेटलेट वाढेपर्यंत स्पंजच्या काडीने किंवा गॉजने दात पुसता येतात. पण ही तात्पुरती सोय. थर निघतो तो ब्रशच्या केसांनीच, म्हणून शक्य होताच परत ब्रश घ्यायचा असतो: अगदी मऊ, लहान डोक्याचा, कोमट पाण्यात बुडवून आणखी मऊ केलेला. मेंथॉलची तिखट पेस्ट झोंबत असेल तर लहान मुलांची फ्लोराइडची पेस्ट चालते. ब्रश वापरून झाल्यावर खुल्या हवेत वाळवावा. ओला ब्रश टोपणात कोंबून ठेवू नये.

गुळण्यांसाठी सगळ्यात स्वस्त आणि निरुपद्रवी पाणी घरातच होते: मोठ्या पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ. दर दोन-तीन तासांनी गुळणी, आणि नंतर साध्या पाण्याने चूळ. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या, महिनोन् महिने घर सोडून राहिलेल्या रुग्णालाही एवढे जमते. औषधाच्या दुकानातले क्लोरहेक्सिडिन दातांवरचा थर कमी करते. मात्र त्याने दात तपकिरी होतात, चव जाते, आणि तोंड आलेले असताना ते बरे करण्यात त्याचा फायदा नाही. अल्कोहोल असलेले माउथवॉश या काळात बंद.

फाइव्ह-एफयू हे औषध शिरेतून झटकन दिले जाते तेव्हा काही डे-केअर केंद्रांत परिचारिका बर्फाचे तुकडे आणून देते. ‘मावशी, हे तोंडात धरा, संपले की दुसरे घ्या, अर्धा तास.’ थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तात सर्वाधिक असते तेवढा वेळ अस्तराकडे कमी पोहोचते, आणि तोंड येण्याचे प्रमाण घटते. यंत्र नाही, खर्च नाही. त्याच बैठकीत ऑक्सॅलिप्लॅटिनही असेल तर मात्र बर्फ चालत नाही, कारण त्या औषधाने थंड वस्तूच्या स्पर्शाने घशात आणि बोटांत विचित्र झिणझिण्या येतात.

महाराष्ट्रात आणखी एका गोष्टीबद्दल विचारावेच लागते, ती म्हणजे मशेरी. भाजून पूड केलेली तंबाखू बोटाने हिरडीवर घासण्याची सवय अनेक बायकांना लहानपणापासून असते आणि ‘व्यसन आहे का’ या प्रश्नाला त्या सरळ नाही म्हणतात. ते त्यांच्या लेखी दात घासणे असते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडी आतून पोखरलेली असूनही रक्त येत नाही आणि हिरड्या घट्ट असल्याचा भास होतो. आजार लपवणाऱ्या दोन गोष्टी, मशेरी आणि पडलेल्या पेशी, मग एकाच तोंडात एकत्र येतात. ‘दात कशाने घासता?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळते.

हिरडीचे दुखणे, कारण भलतेच

केमोत हिरडीशी होणारे प्रत्येक दुखणे जंतूंच्या थराचे नसते. तोंड येते ते गालाच्या आत, जिभेखाली, मऊ अस्तरावर. दाताला चिकटलेल्या घट्ट हिरडीवर किंवा टाळूच्या पुढच्या कडक भागावर बारीक फोडांचा घोस उठला तर संशय हर्पिसचा धरावा. हा विषाणू अंगात सुप्त असतो, प्रतिकार ढिला पडला की डोके वर काढतो, आणि त्यावर असायक्लोव्हिर लागते, गुळण्या नाही. खरवडल्यावर निघणारा पांढरा साका ही बुरशी.

लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टिन सर्रास वापरतात. ते नसांना त्रास देते. कधी खालच्या दाढांत असा ठणका लागतो की पालक मुलाला दंतवैद्याकडे नेतात. एक्स-रे स्वच्छ, दात ठणठणीत. औषध गेल्यानंतरच्या काही दिवसांत सुरू होऊन ते दुखणे आपोआप ओसरते. फाइल न पाहता दाढ काढली तर दाढ जाते, दुखणे राहते.

रक्ताच्या कॅन्सरच्या काही प्रकारांत तर हिरडी हीच पहिली बातमी असते. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या मोनोसाइट जातीच्या प्रकारांत कॅन्सरच्या पेशी हिरडीतच शिरतात. ती काही आठवड्यांत फुगून दातांवर चढते, निळसर-लाल दिसते. स्केलिंगने ती उतरत नाही. अशा वेळी आधी साधा सीबीसी करून घेणारा दंतवैद्य जीव वाचवतो, कारण या हिरडीवर उपाय केमो हाच आहे.

मेथोट्रेक्झेटच्या गोळ्यांबाबत वेगळे भान लागते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डोके-मानेच्या हाताबाहेर गेलेल्या कॅन्सरमध्ये आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट आणि रोज सेलेकॉक्सिब ही स्वस्त तोंडी औषधे शिरेतून दिलेल्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरली. अशी औषधे रुग्ण घरी घेतो, ही त्यांची सोय आणि हीच जोखीम. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली तर आधी हिरड्या आणि गाल सोलवटतात आणि मागोमाग पेशी कोसळतात. गोळ्या चालू असताना एकाएकी तोंड आले, तर पाकीट काढून गोळ्या मोजाव्यात.

नव्या औषधांची तऱ्हा वेगळी. एव्हरोलिमसने बारीक, खोल, अतिशय झोंबणारे व्रण येतात. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत डेक्सामेथासोनच्या अल्कोहोलविरहित गुळण्या आधीपासून केल्यास ते बरेच टळतात, हे २०१७ सालच्या एका अभ्यासात दिसले. इम्युनोथेरपीत काहींचे तोंड कोरडे पडते, तर काहींच्या हिरड्या लाल, सोलल्यासारख्या होतात. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच अस्तरावर उलटलेली असते.

हाडाचे इंजेक्शन

स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पसरला, किंवा मल्टिपल मायलोमा असेल, तर हाडे मोडू नयेत म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब देतात. रुग्णांच्या बोलण्यात ते ‘हाडाचे इंजेक्शन’. ही औषधे हाड झिजवणाऱ्या पेशींना रोखतात. पण जुने हाड झिजवून नवे घालणे हीच हाडाची डागडुजी असते, आणि जबड्याला ती फार लागते: दात पातळ हिरडीतून थेट तोंडात उघडतात, चावण्याचा ताण रोजचा, जंतू कायमचे. डागडुजी थांबलेल्या जबड्यात दात काढला की खड्डा भरत नाही. हाड उघडे पडते, पिवळट दिसते, आणि आठ आठवडे उलटूनही झाकले जात नाही. २००३ साली अमेरिकेतले शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी अशा ३६ रुग्णांची नोंद केली, तेव्हा हा धोका जगापुढे आला. एकोणिसाव्या शतकात काडेपेट्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी कामगारांचे जबडे असेच सडत.

हे सर्वांना होत नाही. कॅन्सरच्या मात्रेत झोलेड्रॉनिक ॲसिड घेणाऱ्यांतही हे प्रमाण शंभरात पाचांच्या आतच आहे, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा घेणाऱ्यांत त्याहून कितीतरी कमी. पण ज्यांना होते त्यांच्यात बहुधा एक तर दात काढलेला असतो, नाही तर हिरडीचा जुना आजार असतो, किंवा जिभेकडच्या बाजूने कवळी घासत असते. वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात जास्त. म्हणून हे इंजेक्शन सुरू होण्याआधी दातांचा निकाल लावणे हे केमोआधीपेक्षाही निकडीचे, आणि इथे दोन-तीन आठवडे थांबणे बहुधा परवडते. इंजेक्शन सुरू झाल्यावर स्केलिंग करता येते, रूट कॅनाल करता येते. गेलेला दातही शक्यतो उपटत नाहीत. मुळाच्या नळ्या भरून दाताचा वरचा भाग कापून टाकतात आणि मूळ हाडात राहू देतात. नुसते दोन महिने इंजेक्शन थांबवून दात काढणे हा भरवशाचा उपाय नाही, कारण झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात वर्षानुवर्षे टिकून राहते.

गावी परतल्यावर

केमो संपून पेशी सावरल्या की हिरड्यांचे राहिलेले काम हाती घेता येते: खोल फटींची सफाई, गरज पडल्यास हिरडी उघडून शस्त्रक्रिया, आणि मग दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. या टप्प्यावर रुग्ण बहुधा गावी परतलेला असतो आणि तालुक्याच्या दंतवैद्याकडे जातो. तिथे प्रश्न येतो, ‘काही गोळ्या चालू आहेत का?’ उत्तर मिळते, ‘शुगरची एक, बीपीची एक.’ सहा महिन्यांपूर्वी मुंबईत घेतलेले हाडाचे इंजेक्शन गोळी नसल्याने या उत्तरात येत नाही, आणि कॅन्सर तर बरा झाला म्हणून त्याचाही उल्लेख राहतो. कॅन्सरच्या फाइलमधले शेवटचे डिस्चार्ज कार्ड, औषधांची नावे आणि शेवटच्या मात्रेची तारीख, एवढा कागद सोबत असला की दंतवैद्याला काय करायचे आणि काय नाही ते कळते. झोलेड्रॉनिक ॲसिड घेतलेल्यांनी हा कागद पुढची अनेक वर्षे जपून ठेवायचा असतो, कवळीचे माप देतानासुद्धा दाखवायला.